ऐकणारा कान आणि लिहिणारा हात

उपवासकाळातल्या एका रविवारी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक चर्चा घडून आली. विषय होता, 'आईवडील विभक्त होताना मुलांचे काय?' व्यासपीठावर चार वकील होते, दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. चौघेही आपल्याच समाजातले, कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्या रोज झिजवणारे. सभागृह भरलेले पाहून आनंद मानावा की दुःख, हे मला कळेना. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असा विषय कोणी ठेवला असता, तर रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलावे लागले असते. 'आपल्यात असले काही होत नाही' असे आपण तेव्हा म्हणत असू. होत तेव्हाही होते. आपण बोलत नव्हतो, इतकेच.

वकिलांनी आपली मते आडपडदा न ठेवता मांडली. पहिल्यांचे म्हणणे असे की, मध्यस्थी म्हणजे कालहरण. मुलाच्या ताब्याचा अर्ज दाखल झाला की न्यायालय प्रथम समुपदेशकाकडे पाठवते, तेथून मध्यस्थाकडे. तारखा पडत राहतात. तोवर मूल ज्याच्या घरी आहे, त्याच्याच घरी राहते आणि दुसऱ्या पालकाला परके होऊ लागते. ज्याला समेट नकोच आहे, तो मध्यस्थीला नकार देत नाही. तो तिथे जाऊन नुसता बसून राहतो. दुसऱ्या वकीलबाईंचा आक्षेप अधिक गंभीर होता. नवऱ्याच्या धाकात दहा वर्षे काढलेली स्त्री त्याच्याच समोर टेबलाशी बसून समान पातळीवर वाटाघाटी करील, ही अपेक्षाच क्रूर आहे, असे त्या म्हणाल्या. तिसऱ्यांचा रोख मूल्यमापनावर होता. मुलाला कोण चांगले सांभाळील, हे ठरवण्यासाठी न्यायालय समुपदेशकाचा वा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागवते. एखाद्या तासाच्या भेटीवर बेतलेला अहवाल एका बालकाचे पुढचे दशक ठरवतो आणि तो लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेण्याची संधीही क्वचितच मिळते, अशी त्यांची तक्रार होती.

चौथे वकील वयाने तरुण होते. त्यांनी जे सांगितले, त्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. ते म्हणाले, "फादर, खरे सांगू का? आम्हांला मध्यस्थीपेक्षा अहवाल बरा वाटतो. मध्यस्थीत काय निघेल, याचा नेम नाही. अहवाल आपल्या बाजूने आला की अर्धा खटला जिंकला. म्हणून मध्यस्थाकडे जाणाऱ्या अशिलाला आम्ही बजावून ठेवतो, समोरचा काय बोलतो ते नीट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल."

सभागृहात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. या वाक्यात आपल्या कुटुंब न्यायव्यवस्थेचे एक जुने दुखणे उघडे पडले होते, आणि त्या दुखण्याला एकेकाळी मीही हातभार लावला होता. तो कसा, ते पुढे सांगेन. आधी माझा मुद्दा सरळ मांडतो. ज्याच्यापाशी माणसाने मन मोकळे करायचे, त्यानेच त्याच्याविषयी अहवाल लिहायचा, ही पद्धत अन्यायाची आहे. मध्यस्थी हवी, मूल्यमापनही कधीकधी हवेच. पण दोन्ही कामे एका माणसाकडे देऊ नयेत आणि एका खोलीतला शब्द दुसऱ्या खोलीत नेऊ नये. आमचे वकील मध्यस्थीवर आणि मूल्यमापनावर स्वतंत्रपणे टीका करतात. पण या दोहोंची सरमिसळ होते, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. कारण ती सरमिसळ त्यांच्या सोयीची आहे.

कायदा काय सांगतो, हे आपल्या कुटुंबांना फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती दांपत्याच्या विभक्तीच्या वा घटस्फोटाच्या दाव्यात मुलांच्या ताब्याविषयी १८६९ च्या घटस्फोट कायद्याची ४१ ते ४४ ही कलमे लागू होतात. त्याखेरीज १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. दोन्ही कायदे इंग्रजी अमलातले. परंतु न्यायालयांनी त्यांत हळूहळू नवा अर्थ भरला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका ख्रिस्ती दांपत्याच्याच मुलांचा प्रश्न आला होता. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत, असा त्या निकालाचा आशय होता. तेव्हापासून 'मुलाचे कल्याण' ही कसोटी सर्वश्रेष्ठ मानली गेली. ज्या मुलाला समजून-उमजून पसंती सांगता येते, त्याचे म्हणणे न्यायालय विचारात घेऊ शकते, हेही १८९० च्या कायद्यातच लिहिलेले आहे.

त्यानंतर १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा आला. मुंबईत त्यानुसार १९८९ साली न्यायालय सुरू झाले. या कायद्यामागे एक उदात्त कल्पना होती. नवराबायकोचे भांडण हे शेताच्या बांधाचे भांडण नव्हे, ते वेगळ्या रीतीने सोडवले पाहिजे, हे ती कल्पना सांगते. म्हणून कलम ९ ने न्यायालयावरच समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले. कलम १२ ने मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, वैद्यकीय तज्ज्ञ यांचे साहाय्य घेण्याची मुभा दिली. कलम १३ ने सांगितले की, वकील मिळणे हा येथे पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालय आवश्यक वाटल्यास विधिज्ञाची मदत घेईल. आणि कलम १४ ने पुराव्याचे नेहमीचे काटेकोर नियम शिथिल करून, वादाच्या निवाड्याला उपयोगी पडेल असा कोणताही अहवाल वा कागद पाहण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला.

वाचकहो, ही चार कलमे एकत्र ठेवून पाहा. वकिलाला दाराशी थांबवले, समुपदेशकाला आत घेतले आणि त्याने लिहिलेल्या कागदासाठी पुराव्याची कवाडे खुली केली. हेतू शुद्ध होता. पण वकील दाराशी थांबले नाहीत. परवानगी घेऊन ते आत आले, आणि माझ्या मते यायलाच हवे होते, कारण अशिक्षित वा घाबरलेल्या पक्षकाराला एकटे सोडणे हा न्याय नव्हे. मात्र ते आत आले ते आपली जुनी हत्यारे घेऊन. समेटासाठी उघडलेल्या खोलीत त्यांना पुराव्याची खाण दिसली.

एकच माणूस मुलाच्या आईला म्हणतो, "बाई, मोकळेपणाने बोला, मी तुम्हांला मदत करायला बसलो आहे." आणि तोच, अथवा त्याच्या शेजारच्या टेबलावरचा, पुढच्या महिन्यात लिहितो की, "आई चिडखोर वाटली, तिला रडू आवरत नव्हते." ती रडली, कारण तिला रडण्याची मोकळीक दिली होती. त्या मोकळिकीचाच पुरावा झाला. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? तो रडणार नाही, चूक कबूल करणार नाही, 'मीही कधी मुलावर हात उगारला' असे म्हणणार नाही. तो वकिलाने पढवलेली वाक्ये बोलेल. मग मध्यस्थीही फसते आणि मूल्यमापनही फसते. एकीत सत्य बोलले जात नाही आणि दुसऱ्यात नाटकाचे मोजमाप होते.

शलमोन राजाची कथा अशा वेळी सर्वांना आठवते. आमच्या चर्चेतही ती आली. दोन स्त्रिया, एक मूल, आणि तलवार मागवणारा राजा. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. राजाची कसोटी खरी ठरली, कारण ती कसोटी आहे हे त्या दोघींना ठाऊक नव्हते. आज प्रत्येक पालकाला ठाऊक असते की, आपली परीक्षा चालू आहे. ज्या आईने मूल वाचावे म्हणून त्यावरचा हक्क सोडला, तिला आज तिचा वकील सांगेल, "बाई, 'त्याला देऊन टाका' असे चुकूनही म्हणू नका, ते नोंदले जाईल." शलमोनाच्या दरबारात प्रेमाची खूण ठरलेले वाक्य आजच्या अहवालात 'मुलाविषयी अनास्था' ठरू शकते.

सेमिनरीत घालवलेल्या वर्षांनी मला जे शिकवले, त्यातले एक येथे उपयोगी पडेल. गोरेगावच्या सेमिनरीत आम्हां विद्यार्थ्यांना दोन वडीलधारे असत. एक रेक्टर आणि दुसरे आध्यात्मिक मार्गदर्शक. रेक्टर आमची वागणूक पाहत, प्राध्यापकांची मते घेत, आणि हा तरुण धर्मगुरू होण्यास योग्य आहे की नाही, याचा अहवाल बिशपांकडे पाठवत. आध्यात्मिक मार्गदर्शकांपाशी आम्ही आमची मोहने, आमचे संशय, आमचे रात्रीचे अश्रू नेत असू. हे दोघे एकाच टेबलावर जेवत. पण आमच्याविषयी निर्णय घेण्याच्या बैठकीत आध्यात्मिक मार्गदर्शकांना मत विचारले जात नसे. १९८३ च्या धर्मसंहितेतील २४० व्या कलमाने ते विचारण्यास मनाईच केली आहे. गुरुदीक्षा द्यावी की सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना मार्गदर्शकांचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे मत कधीही मागू नये, असे ते कलम सांगते. आमच्याविषयी सर्वांत अधिक माहिती ज्यांना होती, त्यांनाच ख्रिस्तसभेने गप्प बसवले होते. तरुणपणी मला हे विचित्र वाटे. जो सर्व जाणतो त्यालाच विचारू नये, हा कसला शहाणपणा? पुढे कळले की, त्याला विचारायचे ठरले असते, तर त्याला कोणी काही सांगितलेच नसते. जो अपात्र आहे, तो अपात्रता लपवीत राहिला असता आणि जो केवळ गोंधळलेला आहे, तोही मनातच कुढत राहिला असता.

हे कळूनसुद्धा मी चुकलो. आता ती कबुली देतो.

माझ्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात एका दांपत्याचे पटत नव्हते. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मला मध्ये पडायला सांगितले. मी दोघांना निरनिराळे बोलावले, नंतर एकत्र बसवले. तो संस्कार नव्हता, पापनिवेदन नव्हते. माझ्या कचेरीतले साधे बोलणे होते. ती बाई परिचारिका होती, रात्रपाळी करी. एका संध्याकाळी ती पुष्कळ रडली. झोप येत नाही, सासरी कोणी बोलत नाही, कधीकधी सारे सोडून निघून जावेसे वाटते, असे म्हणाली. मी तिला धीर दिला. समेट झाला नाही. काही महिन्यांनी नवऱ्याकडची मंडळी आली. "फादर, एक साधे पत्र द्या, मुलगा नियमित मिस्साला येतो, व्यसन नाही, एवढेच लिहा." मी तेवढे लिहिले. आणि न मागता आणखी एक वाक्य जोडले की, पत्नीची मनःस्थिती स्थिर नाही व तिचे मिस्साला येणे अनियमित आहे, हे मला प्रत्यक्ष बोलण्यातून ठाऊक आहे.

त्या पत्राचे काय होणार, हे मी विचारले नाही. वकिलाने ते प्रतिज्ञापत्राला जोडले. आठ वर्षांच्या मुलीचा अंतरिम ताबा बापाकडे गेला. माझ्या पत्रामुळेच तो गेला, असे मी म्हणत नाही. न्यायाधीशांपुढे इतरही कागद असणार. पण त्या कागदांत माझाही कागद होता आणि त्यावर धर्मग्रामाचा शिक्का होता. एके दिवशी ती बाई त्या पत्राची छायाप्रत घेऊन आली. वरच्या कोपऱ्यात न्यायालयाचा निशाणी क्रमांक पडलेला होता. तिने आवाज चढवला नाही. "फादर, मी तुमच्यापाशी बोलले होते, कोर्टापाशी नाही," एवढेच म्हणून ती कागद टेबलावर ठेवून गेली. त्या मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी ती चर्चच्या मागच्या दारापाशी उभी राहिली आणि मिस्सा संपण्याआधीच निघून गेली. पुढे ती माझ्या कचेरीत कधीच आली नाही.

म्हणून त्या तरुण वकिलाच्या बोलण्यावर मला हसता आले नाही. तो जे अशिलाला शिकवतो, ते मी पगडी-पागोटे घालून, पावित्र्याचा आव आणून केले होते.

वकील मित्र म्हणतील, "फादर, तुमची भावना आम्ही समजतो, पण सर्वोच्च न्यायालयाचे मत वेगळे आहे." ते खरे आहे आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही. २०१९ साली एका ताब्याच्या खटल्यात हाच प्रश्न उभा राहिला होता. मध्यस्थीच्या ओघात मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल न्यायालयाने वाचावा की तो गोपनीय समजावा? उच्च न्यायालयाने गोपनीयतेच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुलाच्या प्रकरणात न्यायालय स्वतःच पालकाच्या जागी उभे असते, मुलाचे हित कशात आहे हे त्याला कळलेच पाहिजे, म्हणून गोपनीयतेचा सामान्य नियम येथे अडसर होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

या युक्तिवादातला ख्रिस्ती अंश मला दिसतो. आईवडिलांच्या गुपितांपेक्षा बालकाचे हित मोठे, हे कोण नाकारील? मुलाचा छळ होत असेल, त्याच्या जिवाला धोका असेल, तर कोणत्याही मध्यस्थाने गप्प बसू नये. पण धोक्याची सूचना देणे वेगळे आणि 'कोणाकडे मूल द्यावे' याचा पुरावा गोळा करणे वेगळे. मुलाशी बोलून न्यायालयाला काही कळायला हवे असेल, तर त्यासाठी दुसरा, स्वतंत्र माणूस नेमावा. आणि जिथे तसे करता येत नाही, तिथे निदान दाराशीच सांगावे, "येथे बोललेले न्यायाधीशांपर्यंत जाईल." मग बोलणारा आपली जबाबदारी ओळखून बोलेल. गुप्ततेचे आश्वासन देऊन बोलते करायचे आणि मागाहून कल्याणाचे नाव घेऊन ते आश्वासन मोडायचे, यात मुलाचेही कल्याण नाही.

त्याच खटल्याचा पुढचा इतिहास अहवालांवर विसंबणाऱ्यांनी मनन करावा असा आहे. २०२० साली न्यायालयाने बहुमताने मुलाचा ताबा परदेशी राहणाऱ्या वडिलांना दिला. अवघ्या वर्षभरात, २०२१ साली, वडिलांनी न्यायालयाची फसवणूक केली असा निष्कर्ष काढून त्याच न्यायालयाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. देशातील सर्वश्रेष्ठ न्यायपीठापुढे वर्षानुवर्षे चाललेल्या छाननीनंतरही माणसाचे अंतःकरण हाती लागले नाही. मग तासाभराच्या भेटीतून लिहिलेल्या चार पानी अहवालाला आपण भविष्यवाणीचा मान का द्यावा?

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८१ पासून ताब्याच्या वादात मध्यस्थी सक्तीची केली. तेथील काही जिल्ह्यांत मध्यस्थच पुढे न्यायाधीशाला शिफारस करी. १९८३ साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की, मध्यस्थ शिफारस करणार असेल, तर पक्षकारांना त्याची उलटतपासणी घेऊ दिली पाहिजे. पुढे त्या राज्याच्या कायद्याने अशा ठिकाणी 'मध्यस्थी' हे नावच काढून टाकले आणि त्या कामाला 'शिफारस करणारे समुपदेशन' असे सरळ नाव दिले. दोन्ही कामे वेगळी करणे त्यांनाही सर्वत्र जमले नाही. पण निदान दारावरची पाटी खरी झाली.

आता वकिलांच्या इतर आक्षेपांकडे वळतो. मध्यस्थी म्हणजे कालहरण, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर मध्यस्थी टाळणे नसून तिला मुदत घालणे हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच कुटुंब न्यायालयांना सांगितले आहे की, मध्यस्थीकडे पाठवताना वाजवी कालमर्यादा ठरवून द्या. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात ताब्याच्या वादांसाठी तज्ज्ञांच्या हातून होणारी आणि मुदतबंद मध्यस्थी सुचवली. आपल्या घटस्फोट कायद्यातही २००१ च्या दुरुस्तीने मुलांच्या पोषणाचा व शिक्षणाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे घातले आहे. मुलाच्या जेवणाखाण्याला जी निकड, तीच निकड त्याच्या आईच्या वा बापाच्या भेटीला का नसावी? आणि माझ्या वकील बांधवांनी मनाशी हेही विचारावे की, गेल्या वर्षभरात ज्या तारखा वाया गेल्या, त्यांतल्या किती मध्यस्थामुळे गेल्या आणि किती 'वकील दुसऱ्या कोर्टात आहेत' या अर्जामुळे?

वकीलबाईंचा आक्षेप मात्र मी नतमस्तक होऊन स्वीकारतो. जिथे मार आहे, धाक आहे, तिथे एका टेबलाशी बसवणे हा समेट नव्हे. या बाबतीत आम्हां धर्मगुरूंचे हात स्वच्छ नाहीत. 'सहन कर, मुलांकडे बघ, क्रूस उचल' असे सांगून आम्ही किती स्त्रियांना त्याच घरात परत पाठवले असेल, याचा हिशोब देवाघरी द्यावा लागेल. मध्यस्थाचे पहिले काम म्हणजे दोघांना वेगवेगळे भेटून भीतीचा शोध घेणे. भीती आढळली तर मध्यस्थी थांबवावी. आणि का थांबवली, हे लिहू नये. फक्त 'समेट झाला नाही' एवढेच कळवावे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या मध्यस्थी कायद्याचा रोखही मध्यस्थीतील बोलणे झाकून ठेवण्याकडेच आहे.

आणि मूल्यमापन? ते नको, असे मी म्हणत नाही. दोन पालकांपैकी एक खोटे बोलत असेल, मुलाला दुसऱ्याविरुद्ध पढवले जात असेल, तर न्यायाधीशाने कोणाच्या डोळ्यांनी पाहावे? पण ते करायचे तर नीट करावे. आदेश न्यायालयाचा असावा, एका पक्षाने पैसे देऊन आणलेला तज्ज्ञ नसावा. त्याने दोन्ही घरे पाहावीत, शाळेत विचारावे, मुलाला एकदा नव्हे तर अनेकदा भेटावे, एकदा आईने आणलेले असताना आणि एकदा बापाने. काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान काढले, हे अहवालात वेगवेगळे लिहावे. अहवालाची प्रत दोघांना मिळावी आणि त्याला प्रश्न विचारता यावेत. येथे वकिलांची उलटतपासणीची मागणी अगदी रास्त आहे. मात्र प्रश्न अहवाल लिहिणाऱ्याला विचारावेत, मुलाला नव्हे. 'तुला आई आवडते की बाबा?' हा प्रश्न कोणत्याही बालकाला कोणीही विचारू नये. त्याला कशाची भीती वाटते, रात्री झोप लागते का, शाळेतून आल्यावर घरी कोण असते, हे विचारावे. निवड करण्याचा भार मोठ्यांनी उचलावा. त्यासाठीच न्यायाधीशांना आसन दिले आहे.

आपल्या कुटुंबांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. धर्मप्रांताच्या न्यायपीठाने विवाह रद्दबातल ठरवला म्हणजे मुलांचा प्रश्न सुटला, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. ख्रिस्तसभेच्या न्यायपीठाच्या निर्णयाने दिवाणी कायद्यातला विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. ताब्याचा निर्णय तर दिवाणी न्यायालयच देते. विवाह रद्द ठरला म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. धर्मसंहितेचे ११३७ वे कलम त्यांना औरसच मानते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात विभक्त आईवडिलांना कळवळून विनवले होते की, मुलाला ओलीस धरू नका. मूल ओलीस धरायला दोरी लागत नाही. 'बाबांकडून आलास ना, मग तिथेच जेवला असशील' एवढे एक वाक्य पुरते.

वकील बांधवांनो, तुम्ही आमच्याच वेदीपाशी बाप्तिस्मा घेतलेले आहात. तुमचा व्यवसाय मी हीन लेखत नाही. घाबरलेल्याच्या बाजूने उभे राहणे हे पुण्यकर्मच आहे. पण मध्यस्थाच्या खोलीत जाणाऱ्या अशिलाच्या कानात 'ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल' हे जे तुम्ही सांगता, ते सांगणे थांबवा. त्या खोलीतले वाक्य तुमच्या अर्जात, प्रतिज्ञापत्रात, उलटतपासणीत येणार नाही, असा नियम तुम्ही चौघांनी पाळला, तरी मध्यस्थीवर लोकांचा विश्वास बसू लागेल. वकील संघाने तो पाळला, तर न्यायालयांनाही पाळावासा वाटेल.

आणि माझ्या धर्मगुरू बंधूंनो, आपल्यापुरता एक नियम आपण आजपासूनच करू शकतो. ज्या घरच्या भांडणात आपण मध्ये बसलो, त्या घराविषयी कोणत्याही पक्षाला, कोणत्याही वकिलाला, कसलेही पत्र द्यायचे नाही. चांगले नाही आणि वाईटही नाही. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल, तर तो नोंदवहीतून द्यावा. त्यात आपले मत नसते. बाकी सारे आपल्या कचेरीत ऐकावे आणि तिथेच ठेवावे. मी त्या दिवसानंतर असे एकही पत्र दिलेले नाही. काही कुटुंबे त्यामुळे माझ्यावर रुष्ट झाली, एकाने तर दुसऱ्या धर्मग्रामात जाणे पत्करले. त्याचे मला वाईट वाटते.

ती छायाप्रत अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावरचा निशाणी क्रमांक मला पाठ आहे. नवे कोणी कचेरीत येऊन बोलू लागले की, मी आधी तो खण उघडून पाहतो आणि मगच म्हणतो, "बोला, येथे काही लिहिले जाणार नाही."